ज्यांनी हुकूम लिहिले त्यांनीच इतिहास लिहिला तर?

युद्धात लढलेल्या अधिकाऱ्याने पुढे त्याच युद्धाचा इतिहास लिहायला घेतला की लोकांच्या दोनच तऱ्हा दिसतात. काही जण म्हणतात साहेब स्वतः तिथे होते, आता त्यावर आपण काय बोलणार, आणि काही जण पुस्तक न उघडताच सांगून टाकतात की स्वतःची कातडी वाचवायला लिहिलंय, त्यात काय वाचायचं. मला दोन्ही उत्तरं आळशीपणाची वाटतात. अधिकाऱ्याने लिहावंच, त्याने नाही लिहिलं तर अर्धी लढाई कुणाला कधी कळणारच नाही, पण त्याने लिहिलेला हाच देशाचा अधिकृत इतिहास म्हणून मिरवायचा आणि बाकीची कागदपत्रं मात्र कुलपात ठेवायची, याला माझा सरळ विरोध आहे. नॉर्वेचं उदाहरण यासाठी घेतो कारण तिथे या गोष्टीच्या दोन्ही बाजू एकाच माणसात दिसतात.

ऑड लिंडबेक-लार्सेन हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं असण्याची शक्यता नाही. १९४० साली ते नॉर्वेच्या सैन्यात मेजर होते, आणि उत्तर नॉर्वेतल्या सहाव्या डिव्हिजनचे चीफ ऑफ स्टाफ. डिव्हिजनचे प्रमुख होते मेजर जनरल कार्ल गुस्ताव फ्लायशर. युद्ध संपल्यावर लगेच, १९४६ मध्ये, लिंडबेक-लार्सेन यांनी सहाव्या डिव्हिजनवर पुस्तक काढलं, आणि १९६५ मध्ये नॉर्वेच्या सैन्याच्या युद्ध-इतिहास विभागाने १९४० च्या युद्धाचा जो एकत्रित खंड छापला तोही त्यांच्याच हातचा. म्हणजे ज्या माणसाने युद्धात हुकूम तयार केले त्यानेच पंचवीस वर्षांनी त्या युद्धाचा सरकारी शिक्क्याचा इतिहास लिहिला.

चीफ ऑफ स्टाफ हे पद काय असतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. जनरल ठरवतो की अमुक दिशेने हल्ला करायचा. पण कुठली बटालियन कधी निघणार, कुठल्या खिंडीतून जाणार, तोफा कुठे लागणार, दारूगोळा आणि जेवण कुठल्या घोड्यावरून येणार, डावीकडची तुकडी उजवीकडच्या तुकडीला कसं कळवणार, हे सगळं कागदावर उतरवणारा माणूस म्हणजे चीफ ऑफ स्टाफ. लढाई जिंकली तर नाव जनरलचं होतं आणि हरली तर दोष बहुतेक वेळा खालच्या कमांडरवर जातो, हा मधला माणूस कुणाला दिसत नाही, पण प्रत्येक कागद त्याच्या टेबलावरून गेलेला असतो. त्यामुळे त्याला जेवढं माहीत असतं तेवढं दुसऱ्या कुणालाच नसतं, आणि लपवायचं म्हटलं तर त्याच्याइतकं लपवताही कुणाला येणार नाही. लिंडबेक-लार्सेन यांनी लपवलं असा आरोप मी करत नाहीये, माझा मुद्दा माणसाच्या हेतूचा नाही, जागेचा आहे.

आता अशा माणसाने का लिहावं ते आधी. ९ एप्रिल १९४० ला पहाटे जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला, ओस्लो, क्रिस्तियानसान, बर्गेन, ट्रॉन्डहाइम, नार्विक, सगळीकडे एकदमच. ओस्लोच्या खाडीत ऑस्कर्सबोर्ग किल्ल्यावरच्या जुन्या २८ सेंटिमीटरच्या तोफांनी आणि टॉर्पेडोंनी ब्ल्यूखर ही जर्मन क्रूझर बुडवली म्हणून राजा हाकोन, सरकार आणि बँकेतलं सोनं वेळेत बाहेर निघालं, पण राजधानी त्याच दिवशी पडली. आणि मग जगभर बातमी काय गेली, तर नॉर्वे आतून फितूर होता. लेलँड स्टो नावाच्या अमेरिकन पत्रकाराने ओस्लोच्या पाडावाबद्दल पाठवलेल्या बातम्यांनी हे चित्र अमेरिकेत पक्कं केलं, क्विस्लिंगचं नाव तर देशद्रोह्याला पर्यायी शब्द म्हणून कित्येक भाषांत गेलं. क्विस्लिंग गद्दार होता यात शंकाच नाही, तो स्वतः सैन्यातला मेजर आणि १९३१ ते ३३ संरक्षणमंत्री राहिलेला. पण ओस्लो फितुरीने पडलं ही कथा चुकीची होती, आणि ती चुकीची का हे सांगायला सैन्याचं कामकाज आतून माहीत असलेला माणूसच लागतो.

कारण खरं उत्तर अगदी रुक्ष आहे. मोबिलायझेशन, म्हणजे राखीव सैनिकांना बोलावून युनिट उभी करणं, याची नॉर्वेत ठरलेली पद्धत होती आणि त्या रात्री न्यूगोर्सवोल यांच्या मंत्रिमंडळाने जो हुकूम काढला तो अर्धवट मोबिलायझेशनचा होता, तोही पोस्टाने पत्रं पाठवून. जर्मन विमानं डोक्यावर आणि बोलावणं टपालाने. दुसरीकडे परराष्ट्रमंत्री कूट यांनी पत्रकाराला सांगून टाकलं की पूर्ण मोबिलायझेशन झालंय, रेडिओवर ते गेलं, आणि हजारो पोरं आपापल्या डेपोकडे निघाली, तर तिथे कुणालाच काय करायचं ते माहीत नाही आणि काही डेपो तर आधीच जर्मनांच्या हातात. हे ज्याने कधी डेपो चालवलेला नाही त्याला गंमतीचा घोळ वाटेल, पण सैन्य उभं राहतं ते डेपोमध्येच.

नार्विकजवळ एल्वेगोर्समोएन नावाचा असा एक डेपो आणि छावणी होती. जर्मन जनरल डिट्लचे साधारण दोन हजार पहाडी सैनिक दहा डिस्ट्रॉयरमधून नार्विकला उतरले, बंदरात नॉर्वेची आइड्सवोल्ड आणि नॉर्गे ही दोन जुनी जहाजं काही मिनिटांत बुडाली, पावणेतीनशेच्या आसपास खलाशी गेले, आणि एल्वेगोर्समोएन लढाई न होताच जर्मनांच्या ताब्यात गेलं. तिथे नॉर्वेच्या पायदळाच्या रायफली, मशिनगन, काडतुसं, कपडे, सगळं नीट रचून ठेवलेलं होतं. पुढच्या चार दिवसांत ब्रिटिश नौदलाने ते दहाच्या दहा डिस्ट्रॉयर संपवले. आता जहाजं गेली म्हणजे जर्मन अडकले असं कुणालाही वाटेल, पण त्या जहाजांवरचे वाचलेले अडीच हजारांहून जास्त खलाशी किनाऱ्यावर आले आणि त्यांच्या हातात एल्वेगोर्समोएनमधल्या नॉर्वेच्याच रायफली देण्यात आल्या. म्हणजे डिट्लची फौज दुप्पट झाली, नॉर्वेच्या खर्चाने. नौदलाचा इतिहास वाचला तर ब्रिटिशांचा दणदणीत विजय दिसतो, राजकीय इतिहास वाचला तर मंत्र्यांची घालमेल दिसते, पण पुढचे दोन महिने लढाई इतकी जड का गेली हे त्या गोदामाचा हिशोब माहीत असल्याशिवाय कळत नाही. असा हिशोब डिव्हिजनच्या स्टाफला तोंडपाठ असतो, प्राध्यापकाला तो शोधायला लागतो आणि कित्येकदा तो शोधायचा असतो हेच सुचत नाही.

म्हणून मी म्हणतो अधिकाऱ्याचं पुस्तक हवं. प्राध्यापकांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण बर्फाच्या वादळात एक बटालियन पाच किलोमीटर पुढे जायला किती वेळ लागतो हे ज्याने बटालियन हलवलीये त्यालाच विचारावं लागतं.

आणि आता दुसरी बाजू, जी मला जास्त सतावते. ग्राटांगेन.

२४ एप्रिल १९४० ला फ्लायशरच्या डिव्हिजनने जर्मनांवर पहिला मोठा हल्ला केला. बेत कागदावर चांगला होता, एक बटालियन समोरून लापहाउगेनच्या बाजूला दाबणार आणि दुसरी डोंगर ओलांडून ग्राटांगेनच्या खोऱ्यात जर्मनांच्या मागे उतरणार. ही दुसरी बटालियन ट्रोन्डेलागमधली, मेजर नील्स बोकमान यांची. त्या दिवशी जोरदार हिमवादळ होतं. समोरचा हल्ला बर्फातच फसला. बोकमानची माणसं मात्र कशीबशी डोंगर पार करून खोऱ्यात पोचली, पार दमलेली, आणि खोऱ्याच्या तळाशी असलेल्या शेतघरांत आणि गोठ्यांत झोपली. पहारा नीट नव्हता, वरच्या उंच जागा ताब्यात घेतल्या नव्हत्या. २५ तारखेच्या पहाटे जर्मनांनी, संख्येने खूपच कमी असताना, वरून हल्ला केला. नॉर्वेचे ३४ सैनिक गेले, ६४ जखमी झाले, शंभराहून जास्त पकडले गेले. एका सकाळीत बटालियन मोडली.

चूक कुणाची? सोपं उत्तर बोकमान. खोऱ्याच्या तळाशी पहारा न लावता झोपणं ही पहिल्या वर्षाच्या कॅडेटलाही न शोभणारी चूक आहे असं म्हणता येतं आणि तसं म्हटलंही गेलं. पण जरा वर बघितलं की दुसरे प्रश्न उभे राहतात. वादळात हल्ला पुढे ढकलला का नाही? एका बाजूचा हल्ला फसलाय हे दुसऱ्या बाजूला कधी कळलं, आणि कळवायचं काम कुणाचं होतं? ज्यांनी आयुष्यात कधी गोळी खाल्ली नव्हती, ज्यांच्या देशाने तिशीच्या दशकात पायदळाचं सुरुवातीचं ट्रेनिंग काही आठवड्यांवर आणून ठेवलं होतं, अशा माणसांकडून वादळात डोंगर ओलांडून लगेच बचावाची मांडणी करण्याची अपेक्षा ठेवणारा बेत कुणी आखला? हे सगळे प्रश्न डिव्हिजनच्या हेडक्वार्टरला विचारायचे प्रश्न आहेत. म्हणजे फ्लायशरना आणि त्यांच्या चीफ ऑफ स्टाफला.

आणि या लढाईचा इतिहास छापील स्वरूपात युद्धानंतर सगळ्यात आधी मांडणाऱ्यांमध्ये कोण होतं, तर तोच चीफ ऑफ स्टाफ.

मी परत सांगतो, ते खोटारडे होते असं माझं म्हणणं नाही. उलट त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. फ्लायशर हे नॉर्वेच्या त्या युद्धातलं सगळ्यात दुःखी पात्र आहे. त्यांच्याच डिव्हिजनने आणि फ्रेंच, पोलिश, ब्रिटिश फौजांनी मिळून २८ मे ला नार्विक परत घेतलं, जर्मनांकडून परत जिंकलेलं ते पहिलं मोठं गाव म्हणतात, डिट्लला स्वीडनच्या सरहद्दीकडे ढकलत नेलं, आणि त्याच वेळी मित्रराष्ट्रांनी फ्रान्समधली परिस्थिती बघून नॉर्वे सोडायचा निर्णय आधीच, २४ मे लाच, घेऊन टाकला होता. नॉर्वेवाल्यांना ते जूनच्या सुरुवातीला सांगितलं. ७ जूनला राजा आणि सरकार ट्रोम्सोहून ब्रिटिश जहाजाने गेले, १० जूनला शरणागतीवर सही झाली, बासष्ट दिवसांनी. फ्लायशर ब्रिटनला गेले, तिथे निर्वासित नॉर्वेजियन सैन्य उभं केलं, आणि १९४२ मध्ये संरक्षण दलांचं प्रमुखपद त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा बऱ्याच ज्युनियर अधिकाऱ्याला दिलं गेलं. त्यांची बदली कॅनडात झाली. डिसेंबर १९४२ मध्ये ओटावात त्यांनी आत्महत्या केली.

ज्याचा जनरल असा गेला, त्या चीफ ऑफ स्टाफला १९४६ मध्ये लिहावंसं वाटणारच. मेलेला माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही, मग त्याची बाजू मांडायची जबाबदारी जिवंत राहिलेल्यावर येते. हे कर्तव्य मी मानतो आणि त्याबद्दल मला त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो. पण कर्तव्य कुणाशी आहे ते बघा. जनरलशी. खोऱ्यात झोपलेल्या त्या ट्रोन्डेलागच्या पोरांशी कुणाचं कर्तव्य होतं? त्यांच्या बाजूने लिहायला डिव्हिजनच्या फायली कुणाच्या हातात होत्या?

इथे सरकारचा दोष येतो आणि माझा खरा राग तिथेच आहे. युद्धानंतर नॉर्वेने चौकशा केल्या, कौतुक करण्यासारखी गोष्ट आहे. १९४५ च्या आयोगाने सरकारच्या वागण्याची झाडाझडती घेतली, आणि तो अहवाल लोकांसमोर आला. पण १९४६ मध्ये अजून एक आयोग नेमला गेला, लष्करी चौकशी आयोग, ज्याचं काम होतं अधिकाऱ्यांनी १९४० मध्ये काय केलं ते तपासायचं. आणि याचा अहवाल मात्र कित्येक वर्षं गुप्त ठेवला, तो उघड झाला सत्तरच्या दशकाच्या शेवटी. म्हणजे राजकारण्यांचं पितळ लगेच उघडं पडलं आणि अधिकाऱ्यांवरचा अहवाल कपाटात. आणि याच मधल्या काळात सैन्याच्या इतिहास विभागाने १९४० च्या मोहिमेचे अधिकृत खंड छापले, लिंडबेक-लार्सेन यांचा १९६५ चा खंड त्यातलाच, उत्तर नॉर्वेतल्या जमिनीवरच्या लढायांवरचे त्रिग्वे सांडविक यांचे दोन भाग त्याच वर्षीचे. ही पुस्तकं मेहनतीने केलेली आहेत, आजही त्यांच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. पण ती वाचणाऱ्या सामान्य नॉर्वेजियन माणसाला ताडून बघायला दुसरा कागद उपलब्ध नव्हता. सरसेनापती ओट्टो रूगे यांच्या त्या मोहिमेच्या आठवणीसुद्धा १९८९ मध्ये छापल्या गेल्या, ते १९६१ लाच वारले होते. तोपर्यंत १९४० मध्ये वीस वर्षांचा असलेला सैनिक सत्तरीला टेकला होता.

यात त्या अधिकाऱ्याचंही नुकसानच आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. कागद बंद असले की चांगल्या अधिकाऱ्याच्या खऱ्या शब्दावरही संशय येतो. समजा लिंडबेक-लार्सेन यांनी ग्राटांगेनबद्दल शंभर टक्के खरं लिहिलंय, तरी १९६५ चा वाचक ते कशावरून मानणार? त्यांनी स्वतः तयार केलेले हुकूम, वॉर डायरी म्हणजे युद्धातली रोजची नोंदवही, वायरलेसचे संदेश, बोकमानचा जबाब, हे बाजूला उघडं असतं तर त्यांच्या प्रामाणिकपणाला पुरावा मिळाला असता.

आपल्याकडे हेच जास्त वाईट स्वरूपात चाललंय म्हणून मला हे नॉर्वेचं प्रकरण महत्त्वाचं वाटतं. १९६२ च्या पराभवानंतर हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी चौकशी केली, आणि सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत त्यावर निवेदन करायची वेळ यशवंतराव चव्हाणांवर आली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण अभिमानाने म्हणतो, आणि चव्हाणांनी सैन्य पुन्हा उभं केलं हे खरंच आहे, पण अहवाल त्यांनीही उघड केला नाही आणि २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनींनीही संसदेत सांगितलं की तो गुप्तच राहील. एका परदेशी पत्रकाराने २०१४ मध्ये त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला तेवढाच काय तो लोकांनी बघितला. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल थोरात पूर्व कमांडला असताना चीनच्या धोक्याबद्दल लिहून बसले होते, ब्रिगेडियर दळवी चीनच्या कैदेतून येऊन पुस्तक लिहून गेले, आणि आपण साठ वर्षं या अधिकाऱ्यांच्या आणि त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांवरच भांडतोय, कारण मूळ कागद समोर नाही. थोरातांचं खरं होतं असं मला वाटतं, पण मला तसं वाटून उपयोग काय, ते तपासता आलं पाहिजे.

सैन्याचं मनोबल खचेल, असं यावर हमखास ऐकवलं जातं. मला हा युक्तिवाद सैनिकाचा अपमान वाटतो. नॉर्वेत ९ एप्रिल पुन्हा कधीच नको ही घोषणा युद्धानंतर घराघरात होती, त्याच भावनेतून तो देश तटस्थपणा सोडून १९४९ मध्ये नाटोत गेला. ज्या देशाने आपला पराभव इतका मनाला लावून घेतला तो ग्राटांगेनच्या फायली बघून कोसळला असता का? लष्करी आयोगाचा अहवाल शेवटी बाहेर आला तेव्हाही नॉर्वेचं सैन्य होतं तसंच राहिलं. खचतं ते मनोबल वरच्या खुर्च्यांचं. खालच्या सैनिकाला उलट हे कळायला हवं की उद्या माझ्या बटालियनचं काही वाईट झालं तर दोष ठरवताना माझ्या वरच्याचाही कागद तपासला जाणार आहे.

मग नियम काय असावा? माझ्या मते फार अवघड नाही. लढलेल्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने हवं ते लिहावं, सैन्याने त्याला अडवू नये, आज ज्या तऱ्हेने परवानग्या आणि गुप्ततेचे नियम दाखवून रिटायर्ड अधिकाऱ्यांना गप्प केलं जातं ते बंद व्हावं. पण सरकारी खर्चाने आणि सरकारी शिक्क्याने इतिहास लिहायचा असेल तर ज्या फॉर्मेशनमध्ये, म्हणजे डिव्हिजनसारख्या मोठ्या तुकडीत, माणूस स्वतः हुकूम काढणाऱ्या जागेवर होता तिच्यावर त्याने लिहू नये, दुसऱ्या आघाडीवर लिहावं, तिथेही त्याचं ज्ञान तेवढंच कामाला येईल. आणि अधिकृत खंड ज्या दिवशी प्रसिद्ध होईल त्याच दिवशी त्याखालची वॉर डायरी, हुकूम आणि चौकशीचे जबाब वाचकाला खुले झाले पाहिजेत, आजच्या हत्यारांशी किंवा सरहद्दीवरच्या मांडणीशी संबंधित पानं खुशाल वगळा, ती वगळली असं लिहा. खंड छापण्याइतकं युद्ध जुनं झालंय असं सरकारला वाटतं तर कागद उघडण्याइतकंही ते जुनं झालेलं असतं. लिंडबेक-लार्सेन यांचा खंड आणि लष्करी आयोगाचा अहवाल हे दोन्ही १९६५ लाच एका टेबलावर आले असते तर बोकमानच्या बटालियनमधली माणसं तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर होती, धडधाकट होती, त्यांना दोन्ही वाचून बोलता आलं असतं.